विसार, काटा आणि नाव : व्हँकूवर बेटावरील डन्सम्यूर घराणे

एकोणिसाव्या शतकात देश सोडून बाहेर पडलेला स्कॉट मनुष्य म्हटला की मराठी अभ्यासकापुढे प्रथम उभे राहतात ते अधिकारी, इतिहासकार आणि धर्मोपदेशक. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा बॅन्फचा. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यातला. आणि ज्यांच्या नावाने मुंबईत महाविद्यालय चालते ते डॉ. जॉन विल्सन हे लॉडर गावचे. ही सर्व लिहिणारी माणसे होती, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिणे सोपे जाते. याच काळात याच देशातून कोळसा खणणारी माणसेही जगभर पसरली. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांच्या खुणा सापडतात त्या करारपत्रांत, हजेरीपटांत, अपघातांच्या चौकशीत आणि न्यायालयांच्या निकालांत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील व्हँकूवर बेटावर गेलेले डन्सम्यूर घराणे हे या दुसऱ्या वर्गातील. मात्र या घराण्याने दोन पिढ्यांत खाणीच्या तळापासून प्रांताच्या राजप्रतिनिधिपदापर्यंत मजल मारली, आणि त्यामुळे त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

जे लिहिले गेले त्याचे दोन प्रवाह आहेत. पहिला घराण्याच्या वंशजांचा. जेम्स ऑडेन या वंशजाने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नावच ‘कोळशाच्या खाणीतून किल्ल्याकडे’ अशा अर्थाचे आहे, आणि त्या नावातच कथेचे सारे सूत्र आले. दुसरा प्रवाह खाणकामगारांच्या स्मृतीचा. त्यात डन्सम्यूर म्हणजे संप मोडणारा, घराबाहेर काढणारा, सशस्त्र शिपाई बोलावणारा मालक. हे दोन प्रवाह परस्परविरोधी वाटतात, तरी एक गृहीत दोघांनाही मान्य आहे. ते असे की, रॉबर्ट डन्सम्यूर हा मुळात साधा मजूर होता व पुढे तो कोणी दुसराच झाला. एकाच्या मते हा पराक्रम, दुसऱ्याच्या मते विश्वासघात. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. तसे केले असता असे दिसते की रॉबर्ट डन्सम्यूर फारसा बदललाच नव्हता. एअरशरच्या कोळशाच्या प्रदेशात मालक, ठेकेदार आणि खाणकामगार यांच्यामध्ये जे संबंध रूढ होते, त्यांतील एका विशिष्ट पायरीवर त्याचे घराणे पूर्वी उभे होते. ती पायरी त्याने परदेशात परत मिळवली, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या समजुतीही त्याने जशाच्या तशा नेल्या.

स्कॉटलंडमधील खाणकामगाराची स्थिती इंग्लंडमधील त्याच्या व्यवसायबंधूहून वेगळी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १६०६ साली स्कॉटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यान्वये पूर्वीच्या मालकाच्या दाखल्यावाचून कोळसा खणणाऱ्यास किंवा मीठ पिकविणाऱ्यास कामावर ठेवणे बेकायदेशीर ठरले. पळून गेलेल्या माणसाला मालकाने एक वर्ष व एक दिवस या मुदतीत परत मागावे आणि नव्या मालकाने तो परत द्यावा, अशी त्यात तरतूद होती. पुढील शतकभरात या बंधनाचे रूपांतर जन्मभराच्या बांधिलकीत झाले. व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारा १७०१ सालचा कायदा झाला तेव्हा त्याच्या संरक्षणातून खाणकामगारांना स्पष्टपणे वगळण्यात आले होते. या व्यवस्थेतील एक प्रथा भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मालक बापाच्या हातावर काही रक्कम ठेवी, आणि ती स्वीकारली की ते मूलही त्या खाणीला बांधले गेले असे समजत. स्कॉट्स भाषेत या रकमेला ‘आर्ल्स’ म्हणत. मराठीत तिला विसार यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे विसार गुराढोरांच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात देतात. १७७५ च्या कायद्याने ही बांधिलकी सैल झाली आणि १७९९ च्या कायद्याने ती संपली. रॉबर्ट डन्सम्यूरचा जन्म त्यानंतर केवळ २६ वर्षांनी झाला. म्हणजे त्याच्या बालपणी बांधलेला खाणकामगार ही ऐकीव दंतकथा नव्हती; गावातील म्हातारी माणसे ते आयुष्य जगलेली होती.

बांधिलकी गेल्यावर मागे राहिला तो स्वतःच्या कसबाचा अभिमान बाळगणारा खाणकामगार. स्वतःचे हत्यार, स्वतःची काम करण्याची जागा, टनावर मजुरी आणि दिवसाला किती कोळसा काढायचा याचा स्वतः केलेला निश्चय, ही त्याची लक्षणे. स्कॉटिश श्रमजीवींच्या इतिहासकारांनी त्याला ‘स्वतंत्र कोळसेकरी’ असे नाव दिले आहे. या स्वातंत्र्याला दोन वाटा फुटत होत्या. एक वाट व्यवसायबंधूंच्या संघटनेकडे जाई. दुसरी वाट लहानसा खाणपट्टा घेऊन स्वतः धनी होण्याकडे जाई. डन्सम्यूर घराणे या दुसऱ्या वाटेवरचे होते. रॉबर्टचा आजोबा किल्मार्नकच्या परिसरात खाणी पट्ट्याने घेऊन चालवीत असे. ३१ ऑगस्ट १८२५ रोजी हर्लफर्ड येथे रॉबर्ट जन्मला आणि १८३२ च्या पटकीच्या साथीत त्याचे आईबाप दगावले. किल्मार्नकच्या शाळेत त्याचे काही शिक्षण झाले, आणि नंतर बॉइड गिल्मर या नातलगाच्या हाताखाली तो खाणीत उतरला. १८४७ साली जोन ऑलिव्ह व्हाइट या तरुणीशी त्याचा विवाह झाला. निव्वळ शून्यातून वर आलेला मनुष्य असे त्याचे चित्र रंगवताना हा आजोबा बहुधा विसरला जातो. वस्तुतः गमावलेल्या प्रतिष्ठेची आठवण ही दारिद्र्यापेक्षा अधिक तीव्र प्रेरणा असते, आणि या घराण्याच्या पुढील वर्तनाचा उलगडा तिच्यामुळेच होतो.

व्हँकूवर बेट १८४९ साली ब्रिटिश सरकारने हडसन्स बे कंपनीला दिले. वार्षिक खंड सात शिलिंग. १६७० ची सनद असलेली ही कंपनी मूळची फरचा व्यापार करणारी. परंतु पॅसिफिक महासागरात वाफेची जहाजे सुरू झाली आणि कोळशाला भाव आला. बेटाच्या उत्तर टोकाजवळ कोळसा आहे हे कंपनीला त्या भागातील क्वाक्वाकावाक लोकांकडून १८३५ मध्येच कळले होते. तेथे १८४९ साली फोर्ट रूपर्ट हे ठाणे उभारून कंपनीने एअरशरमधून जॉन म्यूर व त्याचे कुटुंब आणवले. आडनावात साम्य असले तरी हे घराणे निराळे. म्यूर मंडळींचा अनुभव कडू ठरला. कोळसा काढण्यासाठी आणलेल्या माणसांना कंपनी चर खणण्यासारख्या कामांना जुंपू लागली. आसपासच्या लोकांना आपल्या भूमीतील कोळसा परक्यांनी काढावा हे मान्य नव्हते, आणि त्यांच्यापासून पुरेसे संरक्षण नाही अशीही कामगारांची तक्रार होती. १८५० साली त्यांनी काम थांबवले तेव्हा जॉनचा मुलगा अँड्र्यू आणि आणखी एक कामगार यांना बेड्या घालून कोंडण्यात आले. सुटका होताच काहींनी कॅलिफोर्नियाची वाट धरली. तेथे त्या वेळी सोन्याची लाट होती. व्हँकूवर बेटावरील पहिला संप तो हाच. कराराने बांधलेल्या स्कॉट कामगाराला बेडी ठोकताना कंपनीच्या अधिकाऱ्यांना १६०६ चा कायदा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या हातात ती पडली त्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

म्यूरच्या जागी कंपनीने बॉइड गिल्मरला नेमले, आणि डिसेंबर १८५० मध्ये त्याच्याबरोबर रॉबर्ट डन्सम्यूरने करारावर सही केली. बरोबर पत्नी व दोन लहान मुली होत्या. ‘पेकिन’ हे जहाज केप हॉर्नला वळसा घालून १८५१ च्या जूनअखेर कोलंबिया नदीवरील फोर्ट व्हँकूवर येथे पोचले, आणि ८ जुलै रोजी तेथेच पहिला मुलगा जेम्स जन्मला. गमतीचा भाग असा की १८४६ च्या तहाने तो किनारा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला होता. पुढे ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी म्हणून मिरवलेला हा गृहस्थ जन्माने अमेरिकेच्या भूमीवरचा.

फोर्ट रूपर्टचा कोळसा हलका निघाला. तोवर दक्षिणेकडे चांगल्या कोळशाची वार्ता लागली होती. परंपरा सांगते ती अशी : १८४९ च्या अखेरीस स्नुनेमुख जमातीचा एक वृद्ध पुढारी व्हिक्टोरियाच्या ठाण्यात बंदूक दुरुस्त करण्यास आला. लोहाराच्या भट्टीतील दगड पाहून ‘असा दगड आमच्याकडे आहे’ असे तो म्हणाला. नमुना आणल्यास बंदूक फुकट दुरुस्त करून मिळेल आणि वर दारूची बाटली, असे त्याला सांगण्यात आले. पुढील वसंत ऋतूत तो होडी भरून कोळसा घेऊन आला. इतिहासात त्याला ‘कोल टायी’ म्हणतात. या जोडशब्दाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पहिला शब्द इंग्रजी. दुसरा मूळ बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील भाषेतला. अर्थ पुढारी, सरदार. तो चिनूक जार्गन या व्यापारी संकरभाषेत आला आणि किनारभर पसरला. स्नुनेमुखांची स्वतःची बोली हल्कोमेलेम, आणि तिच्याशी या दोन्ही शब्दांचा संबंध नाही. म्हणजे ज्याने कोळसा दाखवला त्याला मिळालेली पदवी धड त्याच्या भाषेतली नव्हती आणि धड कंपनीच्याही नव्हती. त्या जमातीचे नाव इंग्रजांच्या तोंडी ‘ननायमो’ असे झाले व गावाला तेच मिळाले.

१८५२ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जेम्स डग्लस याने कंपनीच्या नावाने तेथील कोळशाचा ताबा घेवविला. डन्सम्यूर कुटुंबही लवकरच तेथे आले. जमिनीचा करार मात्र दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १८५४ रोजी झाला. त्या कागदावर स्नुनेमुख पुढाऱ्यांच्या निशाण्या आहेत. ज्या मजकुराला त्यांनी संमती दिली तो मजकूर कागदावर नाही. इतर ठिकाणी वापरलेला ठराविक मसुदा नंतर भरावयाचा, अशी रीत होती. येथे तो भरलाच गेला नाही. चार वर्षांपूर्वी रॉबर्टने ज्या करारावर सही केली त्याचा मजकूर त्याला वाचता येत होता. हा फरक लहान नव्हे.

गिल्मर मुदत संपल्यावर स्वदेशी परतला. डन्सम्यूर राहिला. १८५४ च्या नोव्हेंबरात ‘प्रिन्सेस रॉयल’ जहाजाने इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील खाणकामगारांची कुटुंबे ननायमोस आली, आणि पुढील वर्षीच कामगारांनी संप केला. डन्सम्यूर त्यात सामील झाला नाही. कंपनीने बक्षीस म्हणून त्याला सोडून दिलेल्या एका जागी स्वतःच्या हिमतीवर कोळसा काढण्याचा परवाना दिला. कामगारांच्या स्मृतीत ही फितुरी आहे, आणि वंशजांच्या ग्रंथात ही निष्ठा आहे. एअरशरच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही शब्द अपुरे वाटतात. आजोबाच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या माणसाला स्वतःचा खाणपट्टा हाच इष्टार्थ होता. व्यवसायबंधूंची एकजूट त्याला परकी होती. त्याने धन्याशी एकट्याने करार केला, आणि पुढे आयुष्यभर त्याने आपल्या कामगारांकडूनही हीच अपेक्षा धरली की प्रत्येकाने आपल्याशी एकट्यानेच बोलावे. यात कपट कमी आणि श्रद्धा अधिक होती. तीच अधिक घातक ठरली.

१८६२ साली कंपनीने ननायमोच्या खाणी व्हँकूवर कोल मायनिंग अँड लँड कंपनीला विकल्या. डन्सम्यूरने तेथे व नंतर दुसऱ्या एका कंपनीत देखरेखीचे काम केले, आणि ऑक्टोबर १८६९ मध्ये ननायमोच्या वायव्येस त्याला जाड थर सापडला. या थराला व गावाला त्याने वेलिंग्टन हे नाव दिले. भांडवल ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्यांनी दिले. त्यांतील वॅडम डिगल या लेफ्टनंटाचे नाव ‘डन्सम्यूर, डिगल’ या संस्थेत आले. कारभाराची सूत्रे मात्र डन्सम्यूरने कोणाच्या हाती दिली नाहीत. १८८३ साली त्याने डिगलचा भाग सहा लाख डॉलरना विकत घेतला आणि खाण घराण्याची झाली. मोठा मुलगा जेम्स व्हर्जिनियातील कृषी व यंत्रविद्येच्या महाविद्यालयात शिकून खाणीवर आला. धाकटा अलेक्झांडर सॅन फ्रान्सिस्कोतील विक्रीकचेरी सांभाळू लागला. जावई जॉन ब्रायडन, जो स्वतः स्कॉट व अनुभवी खाणव्यवस्थापक होता, तोही कारभारात आला. एअरशरमध्ये पट्टेदाराचे कुटुंब जसे चाले तसेच हे, फक्त आकार शंभरपट.

टनावर मजुरी असेल तेथे सर्व न्याय काट्यापाशी होतो. कोळसा कोण तोलतो, दगडमातीबद्दल किती वजा करतो आणि तोललेले कोण तपासतो, यावर कामगाराच्या घरची चूल अवलंबून असते. आपल्याकडील जुन्या बाजारपेठांतील मापाऱ्याचे महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने खाणकामगारांना स्वतःचा मापारी नेमण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क मिळवण्यात स्कॉटिश खाणकामगार आघाडीवर होते. वेलिंग्टनच्या १८७७ च्या संपात मजुरीच्या दराबरोबरच काट्याचा प्रश्न होता. डन्सम्यूरने तडजोड केली नाही. संपकऱ्यांची घरे कंपनीच्या मालकीची होती. ती रिकामी करून घेण्यास सरकारने सशस्त्र दल पाठवले, आणि काही महिन्यांनी संप मोडला. काम गेले की घरही जाते, ही व्यवस्था वाचताना स्कॉटलंडमधील जुनी बांधिलकी आठवल्यावाचून राहत नाही. विसार उरला नव्हता, पण त्याचे काम घरभाड्याने चालवले होते.

ज्यांचा इतिहास याहून कठीण आहे असे कामगार या खाणींत होतेच : चिनी. त्यांना गोऱ्या कामगाराच्या निम्म्याहूनही कमी रोज मिळे. गोरे कामगार त्यांच्या विरुद्ध होते ते एक तर मजुरी उतरते म्हणून, आणि दुसरे इंग्रजी सूचना न समजल्याने अपघात होतात या आरोपावरून. हा आरोप भाषेचा असल्याने त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. फोर्ट रूपर्ट, ननायमो, वेलिंग्टन येथील खाणींत स्कॉट्स, स्टॅफर्डशरची बोली, चिनूक जार्गन व कँटनची चिनी अशा अनेक भाषा नांदत होत्या. स्फोट मात्र वायू आणि कोळशाची धूळ यांनी होतात, आणि त्यांचा बंदोबस्त हवा खेळती ठेवण्यावर व धूळ दाबण्यावर अवलंबून असतो. ३ मे १८८७ रोजी ननायमोच्या पहिल्या क्रमांकाच्या खाणीत स्फोट होऊन सुमारे १५० माणसे मेली. ही खाण डन्सम्यूरची नव्हती. २४ जानेवारी १८८८ रोजी वेलिंग्टनच्या पाचव्या क्रमांकाच्या खाणीत ७७ माणसे मेली. ही त्याची. ननायमोच्या मृतांची यादी पाहिली तर गोऱ्यांची नावे आहेत व चिनी कामगारांच्या जागी त्यांचे बिल्ला-क्रमांक आहेत. चिनी कामगाराच्या मृत्यूची नावानिशी नोंद करण्याचे बंधन मालकावर नव्हते. नावे लिहिणारा कारकून ती उच्चारू शकत नव्हता असे कोणी म्हणेल. पण पगाराच्या दिवशी त्याच माणसांना ओळखणे कोणाला अवघड गेल्याचे दिसत नाही.

वेलिंग्टनच्या स्फोटानंतर चिनी कामगार भूगर्भातून काढून घेण्याचे मान्य करण्यात आले, तरी उत्तरेकडील कोमॉक्स भागात घराण्याने नव्याने उघडलेल्या खाणीत ते काम करीतच राहिले. १८९० साली प्रांतिक कायद्याने त्यांना भूगर्भात काम करण्यास बंदी केली. तेव्हा एक विलक्षण दावा उभा राहिला. वादी जॉन ब्रायडन, कंपनीचा भागधारक. प्रतिवादी त्याच कंपनी. चिनी कामगार ठेवून कंपनी कायदा मोडते, ही वादीची तक्रार. १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की परकीय व नागरिकत्व हा विषय मध्यवर्ती सरकारचा असल्याने प्रांताचा कायदाच अधिकारबाह्य होय. वादी हरला. पण वादी रॉबर्टचा जावई होता, आणि त्याच्या हरण्याने घराण्याचा व्यवहार सुरक्षित झाला. कॅनडाच्या घटनाविषयक कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही वाचला जातो. तो वाचताना विद्यार्थ्याने पक्षकारांची नाती पाहावीत, कारण निकालपत्रात ती नाहीत.

ज्या खाणीवरून हा दावा झाला तिचे नाव ‘युनियन’ होते. पूर्वीच्या कंपनीकडून ते आले होते, आणि तिच्या भोवतालच्या वस्तीलाही आरंभी तेच नाव होते. पुढे ते कंबरलंड झाले. ज्या गावात कामगारांच्या युनियनला उभे राहू दिले जात नव्हते त्याचेच नाव युनियन, हा योगायोग तेथील कामगारांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

१८८३ च्या करारान्वये एस्क्विमॉल्ट ते ननायमो हा लोहमार्ग बांधण्याबद्दल डन्सम्यूर व त्याचे कॅलिफोर्नियातील भागीदार यांना साडेसात लाख डॉलर आणि सुमारे वीस लाख एकर जमीन, तीतील कोळशासह, मिळाली. १३ ऑगस्ट १८८६ रोजी पंतप्रधान सर जॉन मॅकडॉनल्ड यांच्या हस्ते शेवटचा खिळा ठोकला गेला. वीस लाख एकर म्हणजे बेटाचा सुमारे चौथा हिस्सा. सात शिलिंगांच्या खंडाने सुरू झालेला हा व्यवहार येथे येऊन पोचला, आणि त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हल्कोमेलेमभाषिक लोकांपैकी कोणाचीही निशाणी या वेळी घेतली गेली नाही.

त्यानंतर व्हिक्टोरियात किल्लेवजा वाडा बांधण्यास आरंभ झाला. ‘स्कॉटलंडमध्ये नव्हता असा वाडा बांधून देईन’ असे वचन जोनला देऊन रॉबर्टने तिला परदेशी आणले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेपलीकडे तिला आधार नाही. वाड्याचे नाव क्रेगडॅरक. हा गेलिक शब्द असून त्यात खडक व ओक वृक्ष हे दोन घटक आहेत. एअरशरच्या खाणमुलखात गेलिक बोलली जात नव्हती. डन्सम्यूरांची घरची भाषा स्कॉट्स. डम्फ्रीसशरमधील मूळ क्रेगडॅरक हे ‘ॲनी लॉरी’ या गीताच्या नायिकेचे सासर, आणि तेथूनच हे नाव सुचले असावे. ज्या भाषेत आजोबा हिशेब करीत होता तिच्यातील एकही शब्द वाड्याला योग्य वाटला नाही. प्रतिष्ठा परत मिळवणारे घराणे भाषा परत मिळवीत नाही. ते वरची भाषा निवडते.

वाडा पुरा होण्यापूर्वीच, १२ एप्रिल १८८९ रोजी, रॉबर्ट मरण पावला. वडिलांच्या शब्दावर विसंबून दोघे मुलगे धंद्याचे धनी होण्याची वाट पाहत होते. मृत्युपत्र उघडले तेव्हा सर्व मालमत्ता पत्नीच्या नावे होती. आईकडून ती सोडवून घेण्यास मुलांना दहा वर्षे लागली. ३१ जानेवारी १९०० रोजी अलेक्झांडर न्यूयॉर्क येथे वारला. त्याचे लग्न होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्याने सर्व काही जेम्सला दिले होते. त्याची सावत्र मुलगी, नटी एड्ना वॉलेस हॉपर, हिने मृत्युपत्रास आव्हान दिले, आणि आई जोन हिनेही मुलाविरुद्ध पाऊल उचलले. त्या वेळी जेम्स ब्रिटिश कोलंबियाचा मुख्यमंत्री होता. १९०६ साली प्रिव्ही कौन्सिलने त्याच्या बाजूने निकाल दिला. दोन वर्षांनी जोन वारली. या भांडणाची रसभरित वर्णने पुष्कळ आहेत. कामगारांच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट लक्षणीय : तोंडी शब्दावर विसंबणाऱ्याची या घराण्यात काय गत होते, हे घराण्यातल्या माणसांनाही अनुभवावे लागले.

१८९० साली वेलिंग्टनच्या कामगारांनी आठ तासांचा दिवस व संघटनेला मान्यता या मागण्यांसाठी पुन्हा संप केला. सैन्य आले, आणि दीड वर्षाने संप फसला. याच सुमारास शेजारच्या ननायमो येथे सॅम्युएल रॉबिन्स या व्यवस्थापकाने त्याच संघटनेशी करार केला, आणि त्याच्या खाणी त्यामुळे बुडाल्या नाहीत. बाजार तोच, कोळसा तोच. तेव्हा वेलिंग्टनचा हट्ट बाजारपेठेमुळे अपरिहार्य होता हे समर्थन टिकत नाही. रॉबिन्स हा भागधारकांचा पगारी नोकर होता. स्वतःच्या मुलखात स्वतःचा शब्द चालवण्याची परंपरा त्याच्या मागे नव्हती. जेम्सच्या मागे ती होती. १९०३ च्या औद्योगिक कलहविषयक शाही आयोगापुढे त्याने काही लपवले नाही : सर्व संघटनांना आपला विरोध आहे, संघटनेत शिरणाऱ्यास आपण कामावरून काढतो, आपला धंदा आपण चालवणार. प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषवलेला मनुष्य हे बोलत होता. एक्स्टेन्शनच्या खाणीतील कामगारांनी दूरच्या बंदरावर त्याने वसवलेल्या गावीच राहावे असाही त्याचा आग्रह होता. दक्षिण आफ्रिकेतील युद्धवार्तेच्या भरात त्या गावाला त्याने लेडीस्मिथ हे नाव दिले.

१९०५ साली लोहमार्ग कॅनेडियन पॅसिफिककडे गेला. १९०६ ते १९०९ जेम्स लेफ्टनंट-गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवसांत, ५ ऑक्टोबर १९०९ रोजी, एक्स्टेन्शनच्या स्फोटात ३२ माणसे दगावली. १९१० साली त्याने खाणी विकल्या. नव्या मालकांनी कंपनीचे नाव ‘कॅनेडियन कॉलिअरीज (डन्सम्यूर) लिमिटेड’ असे ठेवले. घराणे बाहेर पडले तरी नाव कंसात राहिले, आणि १९१२ ते १९१४ चा मोठा संप, ज्यात पुन्हा सैन्य उतरले, तो कामगारांच्या तोंडी डन्सम्यूरांविरुद्धचाच संप राहिला. जेम्सचा त्याच नावाचा मुलगा १९१५ साली लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाला. जेम्स १९२० मध्ये वारला.

म्यूर घराण्याचे पुढे काय झाले हे येथे सांगितले पाहिजे. त्यांनी कोळसा सोडला. सूक येथे जमीन घेऊन त्यांनी लाकूड कापण्याची गिरणी चालवली. जॉन म्यूर १८५६ च्या पहिल्या प्रतिनिधिसभेत निवडून आला, आणि ज्याला बेड्या घातल्या होत्या तो अँड्र्यू व्हिक्टोरियाचा शेरीफ झाला. त्यांच्यावर कोणी वाड्याची कथा रचली नाही.

खाणी बंद झाल्यावर ननायमोतील काही मंडळींनी वृद्ध खाणकामगारांच्या आठवणी ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. त्या संग्रहावर लिन बोवेन यांनी १९८२ साली लिहिलेला ग्रंथ कामगारांच्या बाजूचा आज सर्वांत भक्कम पुरावा आहे. संस्थेने नाव घेतले ‘कोल टायी’. आणि १८५४ चा तो बिनमजकुराचा कागद? १९६३ साली दोन स्नुनेमुख पुरुषांवर बंदीच्या काळात हरणे मारल्याचा खटला भरण्यात आला. त्यांच्या वकिलाने तो कागद न्यायालयापुढे ठेवला. तो तह आहे असे प्रांताच्या अपील न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवले, आणि १९६५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.